मुशीची इंद्रिये आणि आपला किनारा

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे गाव समुद्रापासून सरळ रेषेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तेथील शेतकऱ्यास समुद्राचे दर्शन घ्यावयाचे तर मुद्दाम प्रवास करावा लागतो. आणि मुशी, म्हणजे इंग्रजीत ज्याला शार्क म्हणतात तो मासा, त्याने बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. तथापि तेलगावच्या शिवारावर पडणारे पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून वाहत अखेर गोदावरीस मिळते. जवळच माजलगावास सिंदफणेवर मोठे धरण आहे, व ही सिंदफणा पुढे मंजरथ येथे गोदावरीत सामावते. गोदावरीचा उगम त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. त्याच डोंगराळ मुलखातून आणखी एक नदी निघते. पण ती पूर्वेची वाट न धरता सह्याद्री उतरून पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते. तिचे नाव वैतरणा. एकीच्या काठाने मराठवाडा वसला, आणि दुसरीवरच्या धरणांतून मुंबईकरांच्या घरोघरच्या नळांना पाणी मिळते. अशा या दोन शेजारणी आहेत.

या वैतरणेच्या खाडीत, पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ, २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मासे धरावयास उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा एका मोठ्या मुशीने चावा घेतला. इजा फार गंभीर होती. वर्तमानपत्रांतून काही दिवस ही वार्ता गाजली, आणि जो तो एकच प्रश्न विचारू लागला : समुद्रातला हा मासा नदीत आलाच कसा? मत्स्यशास्त्रज्ञांना मात्र या प्रश्नाचे तितकेसे आश्चर्य वाटले नाही. त्यांनी तो प्राणी ‘बुल शार्क’ या जातीचा असल्याचे ओळखले; आणि या जातीला नदी परकी नाही. मुशी वाट चुकून खाडीत शिरते असे आपण समजतो, परंतु पुष्कळदा ती नेमकी वाट ओळखूनच आलेली असते. ती वाट तिला कशी कळते, हेच समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम कोकणच्या पाण्याचा विचार करू. चित्रपटांतून आपण जो समुद्र पाहतो तो निळा आणि काचेसारखा नितळ असतो. मुंबई, वसई, अलिबाग या बाजूचा समुद्र तसा नाही. नद्यांनी आणलेला गाळ आणि दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी भरती यांमुळे येथले पाणी सदोदित ढवळलेले असते. उधाणाच्या वेळी मुंबईस भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांच्या घरात जाते. अशा पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. तेथे डोळ्यांवर विसंबून पोट भरणारा प्राणी उपाशी मरेल. मुशीचे डोळे वाईट आहेत असे नव्हे. अंधुक प्रकाशाचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून मांजराप्रमाणे तिच्याही डोळ्यांत मागील बाजूस चकाकणारा पडदा असतो. रंगांचे ज्ञान मात्र बहुतेक मुशींना नसावे, असे त्यांच्या नेत्रपटलाच्या परीक्षणावरून दिसते. पण डोळे हे तिचे शेवटच्या काही हातांवरचे साधन. त्याआधीची सारी वाटचाल इतर इंद्रियांच्या भरवशावर होते.

घ्राणेंद्रियाविषयी लोकांत मोठा भ्रम आहे. कोसभर अंतरावर रक्ताचा थेंब पडला तरी मुशी धावून येते, असे सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. वास हा पाण्यातून आपोआप उडत जात नाही; प्रवाह त्याला वाहून नेईल तेव्हाच तो पोहोचतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या मुशीला खालच्या अंगाच्या रक्ताची वार्ताही लागत नाही. नाक तिखट आहे, हे मात्र निर्विवाद. मांसातून पाझरणारी काही द्रव्ये तिला अत्यल्प प्रमाणातही जाणवतात. याहून नवलाची गोष्ट म्हणजे दिशा ठरविण्याची तिची रीत. वास ज्या नाकपुडीत अधिक तीव्र, त्या बाजूस ती वळत असावी, असे पूर्वी मानीत. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका लहान मुशीच्या दोन नाकपुड्यांत वास किंचित मागेपुढे सोडून पाहिले. अर्ध्या सेकंदाच्या आत जी नाकपुडी आधी सुगंधली, तिकडे ती वळली. दुसरीत अधिक तीव्र वास असला तरी तिने त्याची पर्वा केली नाही. हातोड्यासारख्या रुंद डोक्याच्या मुशीला आपल्या दोन नाकपुड्या इतक्या दूर का लागतात, याचे एक कारण येथे सापडते.

दुसरे साधन ऐकण्याचे व हालचाल ओळखण्याचे. मुशीला बाहेरचे कान नाहीत. पण डोक्याच्या आत अंतर्कर्ण आहे, आणि जखमी माशाच्या तडफडीने उठणारे खर्जातले, तुटक आवाज तिला शेकडो हातांवरून ऐकू येतात. शिवाय डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवरून एक सूक्ष्म नलिका गेलेली असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील लहानसा हेलकावादेखील या नलिकेतील केसांसारख्या पेशींना हलवितो. शेजारून एखादा मासा पोहत गेला तर आपल्याला अंगावरून वारा गेल्यासारखे जे वाटेल, तसेच काहीसे तिला वाटत असावे.

आता ज्या इंद्रियाची मनुष्याला कल्पनाही करता येत नाही, त्याकडे वळू. मुशीच्या नाकाडाकडे जवळून पाहिले तर सुईच्या अग्राने टोचल्यासारखी शेकडो रंध्रे दिसतात. प्रत्येक रंध्राखाली चिकट, पारदर्शक द्रव्याने भरलेली एक नळी असून तिच्या तळाशी लहानशी कुपी असते. १६७८ साली इटलीतील स्तेफानो लोरेंझिनी या वैद्याने या कुप्यांचे वर्णन केले. विशेष हे की, तो त्या वेळी पाकटाच्या जातीतील, विजेचा धक्का देणाऱ्या माशाचा अभ्यास करीत होता. वीज देणाऱ्या माशाच्या अंगावरच त्याला वीज जाणण्याचे इंद्रिय दिसले. परंतु ते कशासाठी आहे हे उमगावयास पुढे जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली.

प्राण्याच्या शरीरात जेथे जेथे स्नायू आकुंचन पावतात, कल्ले उघडतात-मिटतात, तेथे तेथे अत्यंत दुर्बळ अशी वीज निर्माण होते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने ती आसपास पसरते. मुशीला ही वीज जाणवते, हे ॲड्रियन काल्मायन या डच शास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी निःसंशय सिद्ध केले. प्रयोग इतका सुबोध आहे की तो शाळेतील मुलासही सांगता यावा. आपल्याकडील लेप्यासारखा एक चपटा मासा त्याने टाकीच्या तळाशी वाळूत पुरला. दिसत काहीच नव्हते, तरीही लहान मुशीने येऊन नेमक्या जागी वाळू उकरली. मग त्याने तो मासा आगर नावाच्या खळीच्या पेटीत ठेवला. या खळीतून वीज आरपार जाते, वास जात नाही. वासाचे पाणी बाहेर पडावयास त्याने दूर एका टोकाशी नळी ठेवली. मुशी नळीकडे न जाता थेट पेटीवर तुटून पडली. पुढे पेटीत जिवंत माशाऐवजी माशाचे तुकडे ठेवले. आता वीज नव्हती, केवळ वास होता. तेव्हा मुशी नळीच्या तोंडाशी घोटाळू लागली. जिवंत माशाच्या पेटीवर विजेला अडविणारा पातळ पडदा पसरताच ती त्या माशावरून निमूट निघून गेली. शेवटी मासाही नको आणि वासही नको, म्हणून वाळूखाली विजेची दोन अग्रे पुरून माशाच्या शरीराइतकीच दुर्बळ वीज सोडली. मुशीने त्या अग्रांनाच भक्ष्य समजून चावे घेतले. एकेक पर्याय बाद करीत सत्याशी पोहोचण्याचा याहून सुंदर नमुना प्राणिशास्त्रात क्वचितच आढळेल.

ही जाणीव किती सूक्ष्म असावी? एका सेंटिमीटरच्या अंतरात एका व्होल्टाच्या वीस कोटीव्या भागाइतका फरकही काही मुशींना कळतो, असे मोजमापांनी दिसते. घड्याळात घालतात तशा दीड व्होल्टाच्या विजेरीचे एक टोक काश्मीरच्या उत्तरेस व दुसरे कन्याकुमारीस समुद्रात बुडवले अशी कल्पना केली, तर मधल्या एका सेंटिमीटरात जेवढा फरक पडेल, जवळजवळ तेवढा हा आहे. मात्र या इंद्रियाचा पल्ला लहान. भक्ष्य हातभर अंतरात आले म्हणजेच ते उपयोगी पडते. म्हणून कानाने दुरून सुगावा लागावा, नाकाने वाट दाखवावी आणि गढूळ पाण्यात डोळे निरुपयोगी झाले म्हणजे शेवटचा हातभर रस्ता विजेने उजळावा, अशी ही योजना आहे. अंड्यातच वाढणाऱ्या काही लहान मुशींच्या गर्भालाही ही जाणीव असते. शत्रूच्या विजेची चाहूल लागताच तो गर्भ आपले कल्ले हलविणे थांबवून निपचित पडतो, असे २०१३ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दाखविले.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला ऋतूचाही अंदाज असावा लागतो. २००१ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या एका उथळ उपसागरात संशोधकांनी काळ्या टोकांच्या परांची लहान मुशी-पिल्ले अंगावर ध्वनियंत्रे बसवून सोडली होती. ही जात आपल्या समुद्रातही सापडते. गॅब्रिएल नावाचे वादळ जवळ येऊ लागले, वातभारमापकाचा पारा उतरू लागला, आणि वादळ येऊन थडकण्यापूर्वीच ती सारी पिल्ले उपसागर सोडून खोल पाण्यात निघून गेली. वादळ ओसरल्यावर ती पुन्हा आपल्या जागी परतली. हवेचा दाब कमी झाल्याचे पाण्याखाली त्यांना कळले, असाच याचा अर्थ संशोधकांनी लावला. आणि मुशीच्या अंतर्कर्णातील पेशी दाबातील फरकाला प्रतिसाद देतात हे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. वेधशाळेची सूचना मिळूनही होड्या किनाऱ्याला ओढण्यास उशीर करणाऱ्या माणसांनी या पिल्लांचा हेवा करावा!

आता वैतरणेच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्रातून नदीत शिरणे हे जलचरास सोपे नसते. मुशी आपल्या रक्तात युरिया हे द्रव्य मुद्दाम साठवून ठेवते, आणि त्यामुळे तिच्या रक्ताची दाटी समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीची, किंबहुना किंचित अधिकच राहते. मेलेल्या मुशीला लवकरच जो उग्र वास सुटतो तो या युरियाचा अमोनिया झाल्यामुळे. मालवणकडच्या गृहिणी मोरी रांधताना आंबटाचा आणि मसाल्याचा हात सढळ ठेवतात तो उगाच नव्हे. असा दाट रक्ताचा प्राणी गोड्या पाण्यात शिरला की बाहेरचे पाणी त्याच्या अंगात लोटू लागते. बहुतेक मुशी या पुराने मरतात. बुल शार्क मात्र रक्तातील युरिया बराच उतरविते, मूत्रपिंडांकडून पातळ मूत्राचा अखंड निचरा करून घेते, आणि समुद्रात जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी नदीत जवळजवळ स्वस्थ बसविते. पुन्हा समुद्रात जाताना हा सारा कारभार उलटा फिरवला जातो. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरातील मुशी ही निराळी, कोंडली गेलेली जात आहे असे पूर्वी मानीत. थॉमस थॉर्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९६६ सालापासून त्यांच्या अंगावर खुणेच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा त्याच मुशी नदीवाटे समुद्रात जा-ये करतात असे सिद्ध झाले. अमेझॉन नदीत तर समुद्रापासून हजारो किलोमीटर आत ही जात सापडलेली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? मुख्यतः संततीसाठी. मोठ्या मुशीच लहान मुशींना खातात. आणि नदीमुखाच्या मचूळ पाण्यात इतर मोठ्या मुशी फारशा येत नाहीत. म्हणून बुल शार्कची मादी दहा-अकरा महिने गर्भ वाहून खाडीच्या तोंडाशी विते, आणि पिल्ले पहिली काही वर्षे तेथेच काढतात. तिवरांची मुळे हे त्यांचे आडोसे, बोंबील-कोळंबी खाऊन वाढलेले लहान मासे हे त्यांचे अन्न. दुसऱ्या एका जातीच्या माद्या तर स्वतः जेथे जन्मल्या तेथेच चौदा-पंधरा वर्षांनी विण्यासाठी परत येतात, असे बहामा बेटांतील दीर्घ अभ्यासाने २०१३ साली दिसून आले. मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, तशातलाच हा प्रकार. ते माहेर विस्तीर्ण समुद्रातून त्यांना सापडते कसे? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा नकाशा त्यांना वाचता येत असावा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लहान हातोडीमुशींना त्यांच्या प्रदेशाच्या दक्षिणेकडील स्थळाचे कृत्रिम चुंबकक्षेत्र दाखविताच त्या घराच्या, म्हणजे उत्तरेच्या दिशेने पोहू लागल्या.

हे ध्यानात घेतले म्हणजे मनोरच्या प्रसंगातील भीती जात नाही, जाऊही नये. पण तिला योग्य रूप येते. माणूस हे मुशीचे भक्ष्य नव्हे. परंतु गढूळ पाण्यात मासे जाळ्यात तडफडत असता, शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा पाय कोणता आणि मासा कोणता, हे ठरविण्यास तिला क्षणच मिळतो. शिवाय गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तेथे तिचे ते अद्भुत इंद्रियही मंदावते. खाडीत उतरणाऱ्याने जाळ्यातील मासे कमरेला बांधून न ठेवणे, माशांची घाण उभे असलेल्या पाण्यात न टाकणे आणि तिन्हीसांजेला एकट्याने खोल पाण्यात न शिरणे, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

खरे संकट उलट दिशेने चालले आहे. ज्या सवयींनी मुशीला किनारा जिंकून दिला, त्याच सवयी आता तिला भोवत आहेत. विण्यासाठी ती खाडीच्या तोंडाशी येते, आणि जाळीही तेथेच दाट लागतात. नद्यांवर धरणे होऊन गोड्या पाण्याचा ओघ घटतो, तिवरे तुटून भरणी पडते. बुल शार्कला वयात यावयासच पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि एका वेळी पिल्ले फार तर डझनभर. पेडवे, बोंबील यांसारखी लाखांनी वाढणारी ही प्रजा नव्हे. सर्व जगाचा हिशेब केला तर भर समुद्रातील मुशी व पाकटे यांची संख्या १९७० ते २०१८ या काळात ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

सर्वच मुशी सारख्या अडचणीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मराठवाड्यातल्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकलेल्यांना स्कोलिओडॉन हे नाव आठवत असेल. काचेच्या बरणीतून काढून, कात्री-चिमटा घेऊन जिचे मेंदू व मज्जातंतू शोधावे लागत, ती हीच मुंबईच्या बाजारातली लहान मुशी. १९२८ साली ई. एम. थिल्लयंपालम या विदुषींनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे तो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. दोन-अडीच फुटांपलीकडे ती सहसा वाढत नाही. डोळे बारीक, नाकाड फावड्यासारखे चपटे. गढूळ पाण्यासाठीच जणू घडविलेली. तिचे अंडे सर्व मुशींत लहान, मोहरीहूनही बारीक. त्यात अन्न जवळजवळ नाहीच. म्हणून गर्भ मातेशी नाळेने जोडला जातो व तिच्या रक्तावरच वाढतो. एक-दोन वर्षांत ती वयात येते, वर्षभर केव्हाही विते. डोलीच्या जाळ्यांत इतकी वर्षे सापडत असूनही ती टिकून राहिली, याचे कारण हे लवकर वाढणे होय.

जी लवकर वाढत नाही, तिची गोष्ट ससून डॉकवरच घडली. २०१६ सालच्या फेब्रुवारीत तेथे उतरलेल्या माशांत २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी मुशी निघाली. डोळे विलक्षण बारीक होते. ती ‘गंगेची मुशी’ या अतिदुर्मिळ जातीची निघाली. नद्यांच्या आणि नदीमुखांच्या गढूळ पाण्यातच जिचे आयुष्य जाते, आणि २००१ सालापासून भारतात जिला कायद्याचे संरक्षण आहे, ती ही जात. त्याआधी दहाहून अधिक वर्षे तिची खात्रीलायक नोंद कोठे झालेली नव्हती. या मादीची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली.